श्रीखंडे यांचा आलेख आणि विद्वत्तेची मोजदाद



वैशाखातल्या संध्याकाळी, दिवसभराच्या उन्हाने शिणून आलेल्या श्रोत्यांसमोर गणितावर बोलावयाचे म्हणजे त्यांच्या सौजन्याची परीक्षाच पाहावयाची. चालकांनी विषय विचारला तेव्हा आमच्याही मनात हीच धास्ती होती. तरीही आम्ही हाच विषय घेतला, याला एक प्रसंग कारण झाला. तो आधी सांगतो.

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो एका महाविद्यालयात गणित शिकवतो. फराळ झाला, घरची विचारपूस झाली, आणि मग त्याने पिशवीतून एक छापील अर्ज काढून आमच्यापुढे ठेवला. बढतीचा अर्ज होता. त्यात दोन रकाने होते : 'प्रसिद्ध शोधनिबंधांची संख्या' आणि 'त्या निबंधांचे इतरांनी केलेले एकूण उल्लेख'. पोराने पाच वर्षे एकाच प्रश्नाशी झुंज घेऊन एक निबंध लिहिला होता. त्या निबंधाचा उल्लेख आजवर तिघांनी केला होता. शेजारच्या खोलीत बसणाऱ्या, दुसरा विषय शिकवणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याच्या रकान्यात चारशेचा आकडा होता. तो म्हणाला, "सर, तीन आणि चारशे. माझी पाच वर्षे वाया गेली, असेच ना?"

आम्ही त्याला त्या दिवशी धड उत्तर देऊ शकलो नाही. पाठीवर हात ठेवला आणि चहा दुसऱ्यांदा मागवला, इतकेच. पण प्रश्न मनातून जाईना. आजचे व्याख्यान म्हणजे त्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजा. आणि ते उत्तर आम्ही स्वतःच्या पदरचे देणार नाही. आपल्याच मंडळींपैकी एका मोठ्या गणितज्ञाच्या कामातून ते काढून दाखविणार आहोत. त्या गणितज्ञाचे नाव शरदचंद्र शंकर श्रीखंडे.

श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. पेशवाईत गोविंदपंत बुंदेल्यांचा जेथे अंमल होता, तेच हे मध्य प्रदेशातील सागर. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात ते शिकले. पुढे अमेरिकेत चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि १९५० साली डॉक्टरेट मिळविली. परत येऊन त्यांनी अध्यापन केले, बनारस हिंदू विद्यापीठात काम केले, आणि नंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते पहिले प्रमुख झाले. तेथील गणिताच्या प्रगत अध्ययन केंद्राची उभारणी त्यांनी केली. १९७८ साली ते निवृत्त झाले. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षानंतर, त्यांचे निधन झाले. ते दिवस टाळेबंदीचे होते. ज्या माणसाचे नाव जगातल्या प्रत्येक आलेखशास्त्रज्ञाच्या तोंडी आहे, त्याच्या जाण्याची वार्ता आपल्यापैकी किती घरांत पोचली, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. आमच्याही घरात ती उशिरा पोचली.

आता 'आलेखशास्त्र' म्हणजे काय? बाजारभावाचा चढउतार दाखविणारी कागदावरची वाकडी रेघ, तो हा आलेख नव्हे. येथे आलेख म्हणजे काही बिंदू, आणि त्यांतल्या काही जोड्यांना सांधणाऱ्या रेघा. बिंदू म्हणजे गावे समजा आणि रेघा म्हणजे रस्ते. किंवा बिंदू म्हणजे माणसे आणि रेघ म्हणजे ओळख. रेघ लांब की आखूड, सरळ की वाकडी, याला काही महत्त्व नाही. कोण कोणाशी जोडलेला आहे एवढेच पाहावयाचे. या शास्त्राचा आरंभ ऑयलरने १७३६ साली केला. कोनिग्जबर्ग शहरातले सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरून येता येईल काय, असा प्रश्न होता. येणार नाही, असे ऑयलरने सिद्ध केले.

या ऑयलरशी श्रीखंड्यांची गाठ पडली, ती मात्र वेगळ्या रणांगणावर. पत्त्यांच्या डावातून एक्का, राजा, राणी आणि गुलाम हे चारही रंगांचे, म्हणजे एकूण सोळा पत्ते काढा. ते चार ओळींत चार-चार असे मांडा. पण प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत एक्का, राजा, राणी, गुलाम एकेकदाच यावेत, आणि इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर हेही एकेकदाच यावेत. आज घरी गेल्यावर मुलांना हे कोडे घाला, ते सुटते. ऑयलरने हेच कोडे सहा पलटणींतल्या सहा हुद्द्यांच्या छत्तीस अधिकाऱ्यांसाठी घातले, आणि तेथे त्याला वाट सापडेना. त्याने १७८२ साली छापलेल्या निबंधात तर्क केला की, सहा, दहा, चौदा, अठरा, बावीस अशा, चाराने भागून दोन उरणाऱ्या, कोणत्याही संख्येसाठी ही मांडणी अशक्य असावी. सहाच्या बाबतीत त्याचे म्हणणे खरे ठरले. तारी नावाच्या फ्रेंच गृहस्थाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तसे सिद्ध केले. बाकीच्या संख्यांविषयी पावणेदोनशे वर्षे ऑयलरच्या शब्दाला धक्का लागला नाही.

तो धक्का १९५९ साली लागला. बोस आणि श्रीखंडे यांनी बाविसासाठी मांडणी करून दाखविली. पार्कर यांनी दहासाठी दाखविली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की, दहापासून पुढे या मालिकेतल्या प्रत्येक संख्येसाठी अशी मांडणी शक्य आहे. म्हणजे दोन आणि सहा सोडले, तर ऑयलरचा तर्क सर्वत्र चुकीचा. २६ एप्रिल १९५९ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने दहाच्या मांडणीचे रंगीत चित्र मुखपृष्ठावर घेतले. तिघांना 'ऑयलरचा बेत उधळणारे' असे गमतीचे नाव पडले. श्रीखंडे तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते.

श्रोतेहो, ही झाली प्रसिद्धीची गोष्ट. आम्हाला आज सांगावयाची आहे ती दुसरी गोष्ट. त्याच वर्षातली, पण पहिल्या पानावर न आलेली.

त्याच १९५९ साली 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स' या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात श्रीखंडे यांचा एकट्याचा, अठरा पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात 'आलेख' हा शब्ददेखील नव्हता. विषय निघाला होता शेतीच्या प्रयोगांतून. अनेक वाण एकमेकांशी तुलना करून पाहावयाचे असतात, पण वाफे लहान. प्रत्येक वाफ्यात सगळे वाण पेरता येत नाहीत. मग कोणते वाण कोणत्या वाफ्यात एकत्र आणावेत, याची योजना आखावी लागते. त्या योजनेत काही जोड्या जास्त वेळा एकत्र येतात, काही कमी वेळा. जास्त वेळा येणाऱ्यांना 'जवळचे' म्हणा, बाकीच्यांना 'दूरचे'. जवळच्यांना रेघेने जोडले की झाला आलेख.

आता हाच प्रश्न आपण वाणांऐवजी माणसांवर घेऊ. सोळा माणसांचे एक गाव कल्पा. गावात चार आळ्या. प्रत्येक आळीत एक सुतार, एक लोहार, एक शिंपी आणि एक सोनार. ओळख दोनच कारणांनी होते : एका आळीत राहणारे एकमेकांना ओळखतात, आणि एकच धंदा करणारे एकमेकांना ओळखतात. तेव्हा प्रत्येकाच्या ओळखी किती? आळीतले तीन आणि धंद्यातले तीन, मिळून सहा. कोणतीही दोन माणसे घ्या. दोघांच्या सामाईक ओळखीचे किती? पहिल्या आळीतला सुतार आणि दुसऱ्या आळीतला शिंपी घ्या. पहिल्या आळीतला शिंपी दोघांनाही ओळखतो, दुसऱ्या आळीतला सुतारही ओळखतो. म्हणजे दोन. एकाच आळीतले दोघे घेतले, तर उरलेले दोन आळीकर. पुन्हा दोन. म्हणजे या गावाचे खानेसुमारीचे आकडे असे : माणसे सोळा, प्रत्येकाच्या ओळखी सहा, कोणत्याही दोघांच्या सामाईक ओळखी दोन.

श्रीखंडे यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे. समजा, आपण गाव पाहिलेले नाही. फक्त हे तीन आकडे आपल्या हाती आले आहेत. तेवढ्यावरून गावाची रचना, त्या आळ्या आणि ते धंदे, परत उभे करता येतील काय? आकडे सांगितले म्हणजे गाव सांगितले, असे होते काय?

त्यांचे उत्तर असे. तीन आळ्या-तीन धंदे असोत, पाच आळ्या-पाच धंदे असोत, शंभर असोत. त्या-त्या मापाचे आकडे दिले की गाव ठरले. दुसरे गाव त्या आकड्यांत बसतच नाही. फक्त एका ठिकाणी हे खोटे ठरते : चार आळ्या आणि चार धंद्यांच्या मापाला. सोळा, सहा आणि दोन या आकड्यांत बरोबर बसणारे आणखी एक, आणि एकच, गाव आहे. त्यात आळ्या नाहीत आणि धंदेही नाहीत.

ते दुसरे गाव असे. सोळा घरे चार ओळींत चार-चार अशी मांडा. सतरंजीची वळकटी करावी तशी ही मांडणी गुंडाळली आहे असे समजा. म्हणजे उजव्या टोकाच्या घरापुढे पुन्हा डाव्या टोकाचे घर येते, आणि सगळ्यात खालच्या ओळीखाली पुन्हा वरची ओळ येते. आता प्रत्येक घराची ओळख त्याच्या वरच्या, खालच्या, डावीकडच्या आणि उजवीकडच्या घराशी. शिवाय एकाच तिरप्या दिशेतल्या दोघांशी, म्हणजे वर-उजवीकडच्या आणि खाली-डावीकडच्या घराशी. दुसऱ्या तिरप्या दिशेशी ओळख नाही. मोजून पाहा : प्रत्येकाच्या ओळखी सहा. कोणत्याही दोघांच्या सामाईक ओळखी दोन. खानेसुमारीला गेलेला कारकून दोन्ही गावांहून एकच तक्ता भरून आणील.

आणि तरीही ही गावे एक नाहीत. फरक कोठे दिसतो? एखाद्या माणसाच्या सहा ओळखीच्यांना एकत्र बोलवा आणि ते आपसांत एकमेकांना कसे ओळखतात ते पाहा. पहिल्या गावात त्यांचे तीन-तीनांचे दोन गट पडतील : आळीतले तिघे एका बाजूला, धंद्यातले तिघे दुसऱ्या बाजूला, मध्ये भिंत. दुसऱ्या गावात तेच सहा जण भोंडल्याचा फेर धरावा तसे एका रिंगणात उभे राहतील. प्रत्येकाचा एक हात डावीकडच्याच्या हातात, दुसरा उजवीकडच्याच्या. दोन्ही ठिकाणी प्रत्येक जण उरलेल्या पाचांपैकी दोघांनाच ओळखतो. संख्या तीच. पण एके ठिकाणी तट आहेत, दुसरे ठिकाणी फेर आहे. पहिल्या गावात परस्परांना ओळखणाऱ्या चौघांचे आठ गट आहेत, दुसऱ्यात असा चौघांचा एकही गट नाही.

या दुसऱ्या गावाला आज जगभर 'श्रीखंडे आलेख' म्हणतात.

आता त्या अठरा पानांचे पुढे काय झाले ते पाहा. ज्या आलेखांत असे ठरीव आकडे असतात त्यांना नाव देण्याचे काम बोस यांनी १९६३ साली केले. म्हणजे श्रीखंडे यांचा निबंध आला तेव्हा या शाखेचे बारसेदेखील झाले नव्हते. १९६८ साली हॉलंडच्या सायडेल यांनी अशा आलेखांच्या एका मोठ्या वर्गाची पुरती यादी केली. त्या यादीत काही अखंड कुटुंबे आहेत आणि काही मोजके एकांडे आलेख आहेत. त्या एकांड्यांत पीटरसन, क्लेब्श, श्लेफ्ली या एकोणिसाव्या शतकातल्या थोर युरोपीय गणितज्ञांच्या नावांशेजारी श्रीखंडे हे नाव आहे, आणि त्याच १९५९ साली नेमका हाच प्रश्न दुसऱ्या एका कुटुंबाबाबत सोडविणाऱ्या चिनी गणितज्ञ चांग यांचेही आहे. दोन आलेख सारखे आहेत की वेगळे, हे संगणकाकडून ओळखून घेण्याच्या पद्धती निघाल्या. रशियात वाइसफाइलर आणि लेमान यांनी १९६८ साली बिंदूंच्या जोड्यांना शेजाऱ्यांवरून रंग देत जाण्याची एक युक्ती काढली. ती पुष्कळ ठिकाणी चालते, पण वरच्या दोन गावांत ती हात टेकते. आज रेणूंच्या जाळ्या किंवा माणसांच्या ओळखींची जाळी वाचावयास संगणकाला शिकविणारे तरुण संशोधक, आपले नवे यंत्र किती तीक्ष्ण आहे हे दाखविण्यासाठी त्याच्यापुढे ही दोन गावे ठेवतात. ओळखलीस तर तू खरी.

हे एवढे सांगून आम्ही आता आमच्या विद्यार्थ्याच्या अर्जाकडे वळतो.

उल्लेख मोजण्याची ही रीत आली कोठून? येथे वकील मंडळी बसली आहेत. त्यांना ती चटकन समजेल. एखादा जुना निवाडा दाखविण्यापूर्वी तो पुढे कोणी उचलून धरला, की फिरविला, हे वकिलाला पाहावे लागते. अमेरिकेत त्यासाठी १८७३ पासून सूची निघत. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली सुचविले की, विज्ञानाच्या निबंधांनाही अशीच सूची हवी. आणि १९६४ पासून ती नियमित निघू लागली. हेतू मुख्यतः शोधण्याचा होता : एखादा विचार पुढे कोठकोठे गेला, त्याचे खंडन झाले काय, हे अभ्यासकाला सापडावे. पण जेथे आकडा असतो तेथे तराजू आपोआप येतो. शोधण्यासाठी केलेली सूची तोलण्याचा काटा झाली. २००५ साली हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने माणसाला एकाच आकड्यात बसविण्याची रीत काढली : ज्याच्या दहा निबंधांचे प्रत्येकी निदान दहा उल्लेख, त्याचा मान दहा. हिशेब सोपा आहे, पण त्याचा अर्थ पाहा. ज्याने आयुष्यात दोनच निबंध लिहिले आणि दोन्ही अजरामर झाले, त्याचा मान दोन. तिसरा आकडा त्याला कधीच लाभणार नाही.

आता हा काटा श्रीखंडे यांच्यावर लावून पाहू. पहिली अडचण अशी की, त्यांचे १९५९ हे वर्ष ही नियमित मोजणी सुरू होण्यापूर्वीच होऊन गेले. दुसरी अडचण अधिक मजेची आहे. वस्तूला माणसाचे नाव मिळाले की लोक माणसाचा निबंध सांगावयाचे सोडून देतात. 'श्रीखंडे आलेख घेऊ' असे लिहून पुढे जातात. त्या अठरा पानांचा दाखला तळाशी देत नाहीत. मग सूचीतला आकडा वाढत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराकडे लक्ष वेधले आहे : कल्पना ज्ञानात इतकी मुरते की तिचा धनी कागदावरून पुसला जातो. भाकरी खाताना चुलीचे नाव कोणी घेत नाही, तशातला हा प्रकार. सर्वांत मोठा मान मिळाला की मोजणीतला मान कमी होतो, असे हे उफराटे गणित आहे.

नावाचेही तसेच. १९५० साली श्रीखंडे यांनी प्रयोगांच्या काही योजना अस्तित्वातच असू शकत नाहीत असे दाखविणारे एक महत्त्वाचे प्रमेय सिद्ध केले. त्याच वर्षी आपलेच सर्वदमन चावला आणि रायझर यांनी ते स्वतंत्रपणे सिद्ध केले. आज ते प्रमेय ब्रुक, रायझर आणि चावला या तिघांच्या नावाने ओळखले जाते. त्यात कोणाचा दोष नाही. नावे अशीच पडतात. एका ठिकाणी नाव लागले, दुसऱ्या ठिकाणी राहिले. काम दोन्ही ठिकाणी तेवढेच खरे होते.

तिसरी अडचण काळाची. वैद्यकातल्या निबंधाला वर्ष-दोन वर्षांत उल्लेख मिळतात, कारण तेथे संशोधक पुष्कळ आणि विषय घाईचा. गणितात बहुतेक उल्लेख दोन वर्षे उलटून गेल्यावर येतात; पुष्कळदा पिढी उलटल्यावर येतात. २००८ साली आंतरराष्ट्रीय गणित संघाने आणखी दोन संस्थांसह या मोजणीविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला आणि नुसत्या आकड्यांवरून माणसाचे किंवा कामाचे मूल्य ठरवू नये, असा इशारा दिला. त्या दोन संस्थांपैकी एक गणिती संख्याशास्त्राची संस्था होती, म्हणजे श्रीखंडे यांचा १९५९चा निबंध जिच्या नियतकालिकात छापला गेला तीच. तिने श्रीखंडे यांना आपले फेलोही केले होते. तेव्हा तीन आणि चारशे यांची तुलना म्हणजे आंब्याच्या कलमाची आणि मेथीच्या वाफ्याची तुलना आहे. मेथी वाईट असे आम्ही म्हणत नाही. ती तीन आठवड्यांत येते, एवढेच.

पण श्रोतेहो, येथे थांबलो तर आम्ही एकाच बाजूची वकिली केली, असे होईल. आकडे मुळी आले कशासाठी? आम्ही ज्या काळात नोकरीला लागलो, त्या काळात कोणाची नेमणूक का झाली, हे विचारण्याची सोय नव्हती. कोणाचा मामा कोठे आहे यावर पुष्कळ गोष्टी ठरत. वशिल्याच्या त्या अंधारात आकडा हा निदान कंदील तरी होता. ज्याच्या पाठीशी कोणी नाही अशा खेड्यातल्या पोराला 'हे माझे काम, हे मोजा' असे म्हणता आले, हे त्या आकड्याचे उपकार आम्ही विसरत नाही. आकडे फेकून द्या आणि आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या मतावर सोपवा, असे आम्ही म्हणू लागलो, तर तरुणांनी आमच्यावर विश्वास का ठेवावा?

मग मार्ग कोणता? तो मार्ग श्रीखंडे यांच्या निबंधातच आहे, असे आम्हाला वाटते. आकडे निरुपयोगी आहेत असे त्या निबंधात सिद्ध झालेले नाही. उलट बहुतेक मापांना आकडे पुरतात, असेच त्यात सिद्ध झाले आहे. फक्त एका ठिकाणी ते पुरत नाहीत. आणि तेथे काय करावे, हेही त्यातून समजते. जेथे मोजणी दोन वस्तूंत भेद करू शकत नाही, तेथे जवळ जाऊन शेजार पाहावा. तट आहेत की फेर आहे, ते पाहावे. उल्लेखांचेही एक जाळेच असते : निबंध हे बिंदू, उल्लेख या रेघा. डेरेक प्राइस यांनी १९६५ साली त्या जाळ्याचा अभ्यास करून दाखविला. त्या जाळ्यात चारशे रेघा कोठून आल्या आहेत? एकाच आळीतले चौघे एकमेकांची नावे फिरवून-फिरवून घेत आहेत काय? की दूरदूरच्या तीन अनोळखी माणसांनी, एकमेकांना न विचारता, त्याच निबंधाचा आधार घेतला आहे? हे पाहावयास फार विद्वत्ता लागत नाही. निबंध उघडावा लागतो आणि एक दुपार खर्चावी लागते.

श्रीखंडे यांचा स्वतःचा शेजार कसा होता, तेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत त्यांच्या हाताखाली नवीन सिंघी यांच्यासारखे गणितज्ञ तयार झाले. वासंती भट यांच्यासह त्यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय पुन्हा तोच : आकडे तेच असूनही रचना निरनिराळी असलेल्या योजना. १९९१ साली केंब्रिजहून अशाच योजनांवर एक ग्रंथ निघाला. त्याचे लेखक मोहन श्रीखंडे, म्हणजे त्यांचे चिरंजीव, आणि मुंबईचे शरद साने. हा फेर एका माणसाभोवती उभा राहिला आणि तो माणूस गेल्यावरही मोडला नाही. कोणत्याही रकान्यात ही गोष्ट मावत नाही.

या सभागृहात शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर काम करणारी काही मंडळी आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. उमेदवारांची निवड आपण करता, बढत्या आपण देता. आमची आपल्याला एकच विनंती आहे. अर्जातला आकडा अवश्य पाहा. पण त्यानंतर उमेदवाराला त्याचा एकच निबंध, त्याला स्वतःला सर्वांत चांगला वाटतो तो, घेऊन बोलवा. त्या विषयातला बाहेरगावचा एक जाणता माणूस शेजारी बसवा, आणि उमेदवाराला विचारा : हा प्रश्न कोणाचा होता, तुम्ही त्यात काय केले, आणि तो पुढे कोणी उचलला? अर्ध्या तासात जे समजेल ते चारशे उल्लेखांच्या यादीतून समजणार नाही. १९५९ साली कोणी श्रीखंडे यांच्या त्या अठरा पानांचे मोल रकान्यात भरावयास बसता, तर तेथे शून्य लिहावे लागले असते. तरी निबंध तोच होता, आणि त्यातले सोळा बिंदूही तेच होते.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही मागाहून पत्र पाठविले. त्यात त्याची समजूत घातली नाही, कारण गणिताच्या माणसाला समजूत नको असते, सिद्धता हवी असते. श्रीखंडे यांच्या दोन गावांची चित्रे काढून पाठविली आणि खाली लिहिले : "आकडे दोन्ही गावांचे एकच आहेत. तुझी पाच वर्षे कोणत्या गावात गेली, ते तुझ्या अर्जावरून सांगता येणार नाही. तुझा निबंध पाठव, वाचून सांगतो."

त्याने निबंध पाठविला आहे. आम्ही तो वाचीत आहोत. सत्तरी उलटलेल्या माणसाला वेळ लागतो; पण एक गोष्ट आताच सांगतो. त्या तीन उल्लेखांपैकी एक जपानमधला आहे, एक हंगेरीतला आहे आणि एक ब्राझीलमधला आहे. तिघांची एकमेकांशी ओळख असल्याचे काही दिसत नाही, आणि तिघांनीही त्याच्या एकाच युक्तीवर पुढचे काम उभे केले आहे.